सोन्यातून तीन मिनिटांचा धातू

धनत्रयोदशीला जालन्याच्या सराफ्यात गर्दी होते, कारण सोने टिकते. आजीच्या पाटल्या नातीच्या हातात जातात. विज्ञानाच्या इतिहासात मात्र याच सोन्यापासून एक असा धातू घडवला गेला, की जो मिनिटांत विरतो. त्याचे नाव फ्रान्सियम.

त्याचा शोध लागला जानेवारी १९३९मध्ये, पॅरिसच्या रेडियम इन्स्टिट्यूटमध्ये. मार्गारीत पेरे तिथे १९२९ साली मेरी क्युरींच्या सहायक म्हणून आल्या, तेव्हा त्यांच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. अ‍ॅक्टिनियम शुद्ध करताना त्यांना एक अनोळखी किरणोत्सर्ग आढळला. ते ८७वे मूलद्रव्य होते. त्याच्या सर्वांत टिकाऊ प्रकाराचेही निम्मे अणू २२ मिनिटांत नष्ट होतात.

इतक्या अल्पजीवी अणूंचा उपयोग काय? जड अणूंमध्ये दुर्बल बलाचा परिणाम ठळक होतो. हे बल डावे-उजवे सारखे मानत नाही. फ्रान्सियममध्ये तो परिणाम सीझियमच्या सुमारे १८ पट असावा, असे गणित सांगते. बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन असल्याने हे गणित बरेच भरवशाचे ठरते. मापन त्याच्याशी जुळले नाही, तर एखाद्या अज्ञात कणाचा माग लागू शकतो. पण मोजण्यासाठी आधी अणू हाती थांबायला हवेत.

न्यूयॉर्क राज्यातील स्टोनी ब्रुक विद्यापीठात जीन स्प्राउझ आणि लुईस ओरोझ्को यांच्या गटाने हे साधले. सोन्याच्या केंद्रकात प्रोटॉन ७९, ऑक्सिजनच्या केंद्रकात ८, बेरीज ८७. त्यांनी सोन्यावर ऑक्सिजनच्या केंद्रकांचा मारा केला. तापलेल्या सोन्यातून निघालेले फ्रान्सियम काचेच्या कुपीत नेले. तिथे सहा बाजूंनी येणारे लेसरकिरण आणि चुंबकीय क्षेत्र यांनी अणूंचा वेग मारून त्यांना मधोमध धरून ठेवले. १९९६ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सुमारे १००० अणू सापळ्यात होते. त्यांतले निम्मे दर तीन मिनिटांनी नाहीसे होत. २०१२पासून कॅनडातील ट्रायम्फ प्रयोगशाळेतही असा सापळा आहे.

पेरे १९६२ साली फ्रेंच विज्ञान अकादमीवर निवडून आलेल्या पहिल्या स्त्री ठरल्या. मेरी क्युरींना याच अकादमीने १९११ साली नाकारले होते. ज्या किरणांतून हे मूलद्रव्य ओळखले, त्यांनीच पेरे यांचे शरीर पोखरले. १९७५ साली त्या कर्करोगाने गेल्या. फ्रान्सियम त्यांनी डोळ्यांनी कधी पाहिले नाही. पुढे स्टोनी ब्रुकच्या कॅमेऱ्याने सापळ्यातल्या दोन लाख अणूंचा प्रकाश टिपला. छायाचित्रात तो एका लहानशा ठिपक्याएवढा दिसतो.