कुलूपबंद कपाट आणि बाभळीचा काटा

आजच्या भागाची सुरुवात एका कबुलीनं करतो.

दहावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या रात्री मी माझी अख्खी प्रयोगवही ताईच्या जुन्या वहीवरून उतरवून काढली. ‘लोखंडी खिळा मोरचुदाच्या द्रावणात ठेवला. निरीक्षण : खिळ्यावर तांबूस थर चढला. द्रावण रंगहीन झाले.’ सुंदर अक्षर, पट्टीनं आखलेल्या रेघा. मार्क पूर्ण. पण खरं सांगू? तो खिळा मी कधी पाहिलाच नव्हता. आमच्या शाळेत प्रयोगशाळेचं कपाट होतं, आणि कपाटाला कुलूप होतं. ‘फुटलं तर भरून कोण देणार?’ हे सरांचं ठरलेलं उत्तर.

तुमच्यापैकी कितीजणांची गोष्ट अशीच असेल, ते मला माहितीये. म्हणून आज तुम्हाला पन्नासेक वर्षं मागे घेऊन जातो. मध्य प्रदेशात, नर्मदेकाठच्या होशंगाबाद जिल्ह्यात. आज त्याला नर्मदापुरम म्हणतात.

वर्ष 1972. किशोर भारती आणि रसुलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्था राज्य सरकारकडे गेल्या आणि म्हणाल्या, आम्हाला खेड्यातल्या सरकारी शाळांमध्ये विज्ञान प्रयोगांतून शिकवून बघू द्या. परवानगी मिळाली. 16 माध्यमिक शाळा, सहावी ते आठवीचे वर्ग. मुंबईच्या टीआयएफआरमधले शास्त्रज्ञ आणि दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक मदतीला आले. हाच तो होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम.

आता यात वेगळं काय होतं? पहिली गोष्ट, पुस्तक. त्याचं नाव ‘बाल वैज्ञानिक’. या पुस्तकात प्रयोग कसा करायचा ते होतं, प्रश्न होते, पण उत्तरं नव्हती! चार-चार मुलांच्या टोळ्या बसायच्या, प्रयोग करायच्या आणि जे दिसलं ते आपापल्या वहीत लिहायच्या. म्हणजे ताईच्या वहीवरून उतरवायची सोयच नाही. दुसरी गोष्ट, परीक्षा. पुस्तक आणि वही उघडी ठेवून पेपर लिहायचा, शिवाय हातानं प्रयोग करून दाखवायचा. पाठांतराला तिथं किंमतच उरली नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात आवडते. सवालीराम. मुलांना पडलेले प्रश्न या सवालीरामला पत्रानं पाठवायचे आणि त्याचं उत्तर यायचं. असा कुणी माणूस नव्हताच. ते एक काल्पनिक नाव होतं, उत्तरं लिहिणारे बरेच जण होते. पण विचार करा, खेड्यातल्या पोराच्या नावानं पोस्टातून पत्र येतंय, आणि तेही त्याच्या प्रश्नाचं उत्तर!

शिक्षकांचं काय? त्यांनाही आधी शिबिरात बसून तेच प्रयोग स्वतःच्या हातानं करावे लागत. ज्यानं आयुष्यभर फळ्यावर उत्तरं लिहून दिली, त्याला वर्गात ‘मलाही माहीत नाही, चला करून बघू’ म्हणायला शिकायचं होतं. माझ्या मते सगळ्यात अवघड प्रयोग तोच होता.

आणि सामान? फुलाचे भाग सुटे करायला विकतची सुई कशाला? बाभळीचा लांब काटा तेच काम करतो, तोही फुकट. इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्यांतही प्रयोग होतात. फुटलं तरी कुणाला भरून द्यायचं नाही. मग कुलूप कशाला लागेल?

1978 मध्ये हा कार्यक्रम अख्ख्या जिल्ह्यात पसरला. त्याच वर्षी पुण्याहून एक तरुण इंजिनिअर तिथं गेला. आयआयटी कानपूरचा, ट्रकच्या कारखान्यातून रजा काढून आलेला. अरविंद गुप्ता. तिथल्या आठवडी बाजारात त्यांना सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब दिसली. तिचे तुकडे आणि आगपेटीच्या काड्या जोडून त्यांनी आकार बनवले. तुम्हीही करून बघा. चार काड्यांचा चौकोन बोटानं दाबला की तिरका होतो. तीन काड्यांचा त्रिकोण मात्र हलत नाही. आता खिडकीतून मोबाईलच्या टॉवरकडे बघा. त्रिकोणच त्रिकोण दिसतील. पुढे हेच गुप्ता पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत कचऱ्यातून खेळणी बनवत राहिले. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

होशंगाबादचं पुढे काय झालं? 1982 मध्ये ‘एकलव्य’ संस्था उभी राहिली, तिनं काम पुढे नेलं. कार्यक्रम आणखी जिल्ह्यांत गेला. पण 2002 मध्ये राज्य सरकारनं तो बंद केला. तीस वर्षं चाललेलं काम थांबलं. एक तक्रार अशी होती की या पद्धतीनं शिकलेली मुलं पुढे बोर्डाच्या परीक्षेत मागे पडतात. कार्यक्रमाच्या बाजूच्या लोकांना ते मान्य नव्हतं. पण त्या पालकांना मी हसणार नाही. माझ्या बाबांनीही मला मार्कच विचारले होते, खिळा नाही. जिथं पुढचा दरवाजा मार्कांनी उघडतो, तिथं आईबाप दुसरं काय विचारणार?

आता शेवटचं. या भागासाठी मी कृषी सेवा केंद्रातून मोरचुदाची पुडी आणली. काचेच्या ग्लासात पाणी, चिमूटभर मोरचूद, घासून घेतलेला खिळा. थोड्या वेळानं खिळा तांबूस झाला, बरोबर. रात्रभर तसाच ठेवला. सकाळी बघतो तर निळा रंग गेला होता, पण पाणी रंगहीन नव्हतं. फिकट हिरवट होतं! कारण तांब्याच्या जागी आता लोखंड विरघळलं होतं, आणि लोखंडाच्या त्या क्षाराचा रंगच हिरवट असतो.

म्हणजे ताईची वही चुकली होती. तिनं जिच्या वहीवरून उतरवलं तीही चुकली असणार. आणि आम्हा सगळ्यांना पूर्ण मार्क!

तुम्ही हे करणार असाल तर जपून. मोरचूद विषारी असतं. लहान मुलांपासून लांब ठेवा, हात धुवा, तो ग्लास परत पाण्याला वापरू नका. आणि जे दिसेल तेच लिहा.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काड्या जोडत राहा!