दैव, चूक आणि दृष्टी : ईडिपस, धृतराष्ट्र व मालवणी मुलखातील कौल

ग्रीक शोकनाट्याचा परिचय करून देताना आपल्याकडे एक वाक्य हटकून योजले जाते : ईडिपस हा नियतीच्या हातचे बाहुले होय. परीक्षार्थी ते लिहितात, परीक्षक त्याला गुण देतात, आणि सॉफोक्लीजच्या नाटकाचा विचार तेथेच संपतो. परंतु बाहुल्याच्या पतनाने करुणा वाटेल, भीती वाटणार नाही. आणि अ‍ॅरिस्टॉटलने तर शोकनाट्याकडून करुणा व भय या दोहोंची अपेक्षा केली आहे. हे रूढ वाक्य अर्धसत्य आहे, आणि ते इतक्या सहजपणे रूढ होण्याचे एक कारण आपण ग्रीक संज्ञांसाठी योजलेल्या मराठी शब्दांत आहे, असे प्रस्तुत निबंधात दाखवावयाचे आहे. त्यासाठी प्रथम शब्दांचा, मग दोन अंध राजांचा, आणि शेवटी जेथे देवाला प्रश्न विचारण्याची रीत आजही चालू आहे त्या दक्षिण कोकणाचा विचार करू.

१

ग्रीक भाषेत 'मोइरा' या शब्दाचा मूळ अर्थ वाटा, हिस्सा. लुटीची किंवा जेवणाची वाटणी झाली असता ज्याला जे मिळाले ती त्याची मोइरा. मनुष्याच्या वाट्याला आलेले आयुष्य व त्याची मर्यादा हा अर्थ त्यातूनच निघाला. संस्कृतातील 'भाग्य' शब्दाची घडण नेमकी अशीच आहे : 'भज्' म्हणजे वाटणे, त्यापासून 'भाग' आणि 'भाग्य'. आपण आजही 'हे माझ्या वाट्याला आले' असे म्हणतो, तेव्हा होमरच्या काळची कल्पना नकळत बोलत असतो. 'नियती'ची गोष्ट निराळी. 'नि' उपसर्गासह 'यम्' धातूपासून आलेल्या या शब्दात आवरून धरणे, बांधून टाकणे हा भाव आहे. मक्खली गोशालाच्या आजीवक पंथाने नियतीचा सिद्धांत मांडला, तेव्हा माणसाच्या पुरुषार्थाला काहीच वाव नाही, असाच त्याचा अभिप्राय होता. मोइरेचे भाषांतर 'नियती' असे केल्याबरोबर गोशालाचे तत्त्वज्ञान सॉफोक्लीजच्या नाटकात शिरते. वाटा काय आला हे मोइरा सांगते. आलेल्या वाट्यापुढे मनुष्य कसा उभा राहील हे ती सांगत नाही.

दुसरा शब्द 'हामार्तिया'. 'काव्यशास्त्रा'च्या तेराव्या प्रकरणात अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो की, शोकनाट्याचा नायक अत्यंत सद्गुणी नसावा, दुष्टही नसावा. त्याचे पतन दुष्टपणामुळे नव्हे, तर कोणत्या तरी हामार्तियेमुळे व्हावे. मराठी समीक्षेत याचा अर्थ पुष्कळदा 'स्वभावदोष' असा केला जातो, आणि मग विद्यार्थी ईडिपसच्या रागीटपणाची किंवा अहंकाराची यादी करू लागतात. परंतु या शब्दामागचे क्रियापद 'इलियड'मध्ये येते ते फेकलेला भाला लक्ष्यावर न लागता बाजूने निघून गेला, या अर्थाने. ती नेमबाजीची भाषा आहे.

मराठीत यासाठी नवी संज्ञा घडविण्याची गरजच नव्हती. 'चुकणे' हे आपले क्रियापद नेमके हेच सांगते. नेम चुकतो, वाट चुकते, गाडी चुकते. यांपैकी कोठेही नैतिक दोषाचा आरोप नाही, केवळ जे गाठावयाचे ते गाठले गेले नाही एवढेच आहे. आईला चुकलेले लेकरू म्हणताना तर आपण लेकराला मुळीच दोष देत नाही. आणि ईडिपस हा आईला चुकलेला मुलगाच आहे. बाराव्या शतकातील हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात 'भ्रंश्' धातूचे जे आदेश दिले आहेत, त्यांत 'चुक्क' आणि 'भुल्ल' हे दोन्ही आहेत. आपल्या 'चूकभूल' या जोडशब्दाचे दोन्ही अवयव असे एकाच सूत्रात भेटतात. जागेवरून ढळणे हा त्यांचा समान अर्थ. पाप हा नव्हे.

तिसरा शब्द अधिक महत्त्वाचा. ग्रीक 'ओइदा' म्हणजे 'मला ठाऊक आहे'. संस्कृतातील 'वेद', म्हणजे 'मी जाणतो', हे रूप आणि 'ओइदा' ही एकाच मूळ रूपाची दोन अपत्ये होत. हा धातू मुळात पाहण्याचा आहे. लॅटिनमध्ये त्याचा तोच अर्थ टिकला. ज्याने पाहिले त्याला ठाऊक, असा हा जुना हिशेब. ईडिपस या नावाचा सरळ अर्थ 'सुजलेल्या पायांचा' असा आहे, कारण जन्मतःच त्याचे घोटे टोचून त्याला डोंगरावर टाकण्यात आले होते. परंतु त्या नावात 'ओइदा' ऐकू येतो, आणि सॉफोक्लीज त्या ध्वनिसाम्याचा जाणीवपूर्वक उपयोग करतो. ज्याच्या नावातच 'मला ठाऊक आहे' असे वाजते, त्याला स्वतःविषयीच ठाऊक नसते. संस्कृतात याच धातूपासून 'विद्या' जशी झाली तशी 'वेदना'ही झाली. ईडिपसचा प्रवास या दोन शब्दांमधला आहे.

२

'राजा ईडिपस' हे नाटक अथेन्समध्ये इ.स.पू. ४२९ च्या सुमारास रंगभूमीवर आले असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. इ.स.पू. ४३० मध्ये अथेन्समध्ये महामारी आली होती, आणि नाटकाचा आरंभही थीब्ज नगरीतील महामारीनेच होतो. डायोनायससच्या उत्सवातील स्पर्धेत सॉफोक्लीजला या वेळी पहिले पारितोषिक मिळाले नाही. ते फिलोक्लीज नावाच्या नाटककाराने पटकावले, अशी प्राचीन नोंद आहे. प्रेक्षकांना कथा आधीच माहीत होती. तेव्हा पुढे काय होणार हे कुतूहल नाटकाला तारणार नव्हते. नायकाला ते केव्हा व कसे कळणार, यावरच सारी भिस्त होती.

भविष्यवाणीने काय सांगितले होते ते नीट पाहिले पाहिजे. कॉरिंथमध्ये एका मद्यप्याने हिणविल्यामुळे ईडिपस आपले आईबाप कोण हे विचारण्यास डेल्फीला गेला. देवाने त्या प्रश्नाचे उत्तर दिले नाही. पित्याला मारशील आणि आईशी विवाह करशील, एवढेच सांगितले. या दोन्ही गोष्टी नाटक सुरू होण्यापूर्वीच घडून गेल्या आहेत. म्हणजे नियतीचे जे काही काम होते, ते पडदा वर जाण्यापूर्वीच आटोपले आहे. रंगभूमीवर आपण पाहतो तो शोध. लेयसच्या खुन्याला शोधा, अशी देवाची आज्ञा खरी. पण तो शोध कोठवर न्यावयाचा हे ईडिपस ठरवितो. टायरेशियस बोलण्यास नकार देतो, जोकास्टा काकुळतीला येऊन थांब म्हणते, म्हातारा मेंढपाळ पुढे विचारू नये म्हणून विनवितो. थांबण्याच्या या तीन संधी होत्या. बाहुल्याला अशा संधी नसतात.

अंधत्वाची योजनाही याच दृष्टीने पाहावी. टायरेशियस न पाहणारा, पण जाणणारा. ईडिपस डोळस, पण अजाण. ईडिपस त्याच्या अंधत्वाची हेटाळणी करतो, तेव्हा प्रेक्षकांना दोन्ही बाजू दिसत असतात. शेवटी सत्य कळताच राणीच्या वस्त्राच्या टाचण्यांनी तो स्वतःचे डोळे फोडून घेतो. टायरेशियसने त्याच्या अंधत्वाचे भाकीत केले होते, हे खरे. पण भाकीत करणे व करविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ईडिपस स्वतःच येथे भेद करतो : ही दुःखे अपोलोने आणली, परंतु डोळ्यांवर पडलेला हात दुसऱ्या कोणाचा नव्हे, माझा होता, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. वाटा देवाचा आणि कृती माणसाची, ही विभागणी इतक्या स्पष्टपणे केली असता नायकाला बाहुले म्हणणे म्हणजे नाटकातील मध्यवर्ती उद्गाराकडे दुर्लक्ष करणे होय.

३

आपल्या परंपरेत अंध राजा म्हटला की धृतराष्ट्र आठवतो. व्यासाचे उग्र रूप पाहून अंबिकेने डोळे मिटले, म्हणून पुत्र अंध जन्मला, असे आदिपर्व सांगते. महाभारत त्याला 'प्रज्ञाचक्षू' म्हणते, म्हणजे बुद्धी हेच ज्याचे नेत्र तो. हे विशेषण टायरेशियसला शोभले असते. धृतराष्ट्राच्या बाबतीत त्याला एक विपरीत सत्यता आहे, कारण धृतराष्ट्राला सर्व काही ठाऊक असते. विदुर सांगतो, संजय सांगतो. द्यूताचा परिणाम काय होणार हे त्याला कळते. परंतु कळूनही तो आवरत नाही, आणि प्रत्येक वेळी दैवाचे बलवत्तरत्व सांगतो. त्यावर संजय त्याला, हा तुझाच अपराध आहे, असे वारंवार सुनावतो. युद्धारंभी व्यास त्याला दृष्टी देऊ करतात. स्वकीयांचा वध पाहवणार नाही म्हणून तो ती नाकारतो, आणि दिव्य दृष्टी संजयाला मिळते.

दोन्ही राजे समोरासमोर ठेवले म्हणजे भेद उघड होतो. ईडिपसला डोळे होते, ज्ञान नव्हते. ज्ञान येताच त्याने डोळे टाकले. धृतराष्ट्राला ज्ञान होते, डोळे नव्हते. डोळे मिळत असता त्याने ते नाकारले. ईडिपस करतो, पण जाणत नाही. धृतराष्ट्र जाणतो, पण करीत नाही. एकाने स्वतःच्या कृतीपुरती दैवाची सबब नाकारली, दुसऱ्याने आयुष्यभर तीच पुढे केली. 'नियतीचे बाहुले' हे वर्णन कोणाला लावावयाचेच असेल, तर ते धृतराष्ट्राने स्वतःला लावून घेतलेले वर्णन आहे. आपण ते चुकून ईडिपसच्या गळ्यात घातले.

संस्कृत नाट्यशास्त्राने नायकाचा वध निषिद्ध मानला असताही 'ऊरुभंग' हे एकांकी रूपक त्या मर्यादेबाहेर गेले. भासाच्या नावावर असलेली ही नाटके टी. गणपतिशास्त्री यांनी १९१२ पासून त्रिवेंद्रमहून प्रसिद्ध केली. मांड्या मोडून पडलेला दुर्योधन, आंधळ्या पित्याचा त्याला हाक मारीत चाललेला शोध, आणि मांडीवर बसू पाहणारा लहानगा दुर्जय, या प्रसंगात करुणा परमावधीला जाते. मरता मरता दुर्योधनाला समंजसपणा येतो. पांडवांची सेवा कर, असे तो मुलाला सांगतो. ही जाणीव खरी आहे, परंतु ती शोधातून आलेली नाही, वेदनेतून आलेली आहे. शोकात्म प्रसंग आपल्याकडे होता. जाणून घेण्याच्या हट्टाने मोडणारा नायक तेवढा नव्हता.

४

असे का व्हावे, याचा काही उलगडा दक्षिण कोकणात होतो. १९८१ साली रत्नागिरीतून वेगळ्या झालेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात, मालवण तालुक्यातील कट्टा व भोवतालच्या गावांच्या टापूत, देवळाच्या जत्रेच्या रात्री दशावतार उभा राहतो. बाह्य साम्ये डोळ्यांत भरण्याजोगी आहेत. ग्रीक नाटकाप्रमाणे हा खेळही देवाच्या वार्षिक उत्सवाचा भाग. स्त्रीभूमिका परंपरेने पुरुषांच्याच. कथा पुराणातली, म्हणून प्रेक्षकांच्या परिचयाची. लिखित संहिता नसते. कथानक ठरले की नट आपली भाषणे तेथल्या तेथे रचतो. राजे व देव भारदस्त ग्रांथिक मराठीत बोलतात, तर पूर्वरंगातला संकासुर मालवणीत सर्वांची फिरकी घेतो. पहाटे दहीकाला होतो, आणि त्यावरूनच या खेळाला 'धयकालो' असेही म्हणतात.

एवढी साम्ये असूनही दशावतारातील आख्यान बहुधा संकटनिवारणाने संपते. त्याचे कारण नटांच्या कुवतीत शोधू नये; ते त्याच देवळाच्या गाभाऱ्यात आहे. येथे देवाला प्रश्न विचारण्याची रीत म्हणजे कौल. मूर्तीच्या अंगावर ठरलेल्या जागी पाकळ्या चिकटवून गुरव प्रश्न मांडतो. उजवी पाकळी पडली तर अनुकूल, डावी पडली तर प्रतिकूल. प्रतिकूल कौल आला म्हणून काम संपत नाही. प्रश्न फिरवून विचारता येतो, काय केले असता देव प्रसन्न होईल हे विचारता येते. गाऱ्हाण्यात तर गावाच्या वतीने जी काही चूकभूल झाली असेल ती पोटात घालण्याची विनंती केली जाते, आणि जमलेले लोक 'होय महाराजा' म्हणून तिला दुजोरा देतात. चूक येथेही नेम चुकण्यासारखीच, नकळत घडलेली. परंतु ती सामुदायिक आहे आणि तिला उतारा आहे.

डेल्फीच्या उत्तराला ईडिपसने असा उलट प्रश्न केला नाही. तो कॉरिंथला पाठ फिरवून निघाला, आणि नेमका चुकला. तथापि ग्रीकांना उतारा ठाऊकच नव्हता असे म्हणणे अन्यायाचे होईल. इ.स.पू. ४५८ मधील एस्किलसच्या नाट्यत्रयीत मातृहत्या करणारा ओरेस्टीज न्यायसभेत समसमान मतांनी सुटतो. सॉफोक्लीजच्या मृत्यूनंतर इ.स.पू. ४०१ मध्ये त्याच्या नातवाने रंगभूमीवर आणलेल्या 'कोलोनस येथील ईडिपस' या नाटकात तर वृद्ध ईडिपस अजाणतेपणाचा दावा मांडतो, आणि अखेर हा आंधळा कोणाचाही हात न धरता डोळस थीसियसला वाट दाखवीत जातो. भेद दोन संस्कृतींच्या श्रद्धेत जितका आहे, त्याहून अधिक तो प्रश्न कोण विचारतो यात आहे. कौलात गाव विचारते आणि उत्तरही गाव झेलते. 'राजा ईडिपस'मध्ये एक मनुष्य गावासाठी विचारू लागतो आणि उत्तर एकट्यावर येते.

५

याच किनारपट्टीने पुढे या प्रश्नाला मराठीत वाट करून दिली, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. अ‍ॅरिस्टॉटलचे 'काव्यशास्त्र' १९५७ मध्ये मराठीत आणणारे गो. वि. करंदीकर देवगड तालुक्यातले. डोळे गमावल्यावर सत्य पाहणारा ग्लॉस्टर ज्या नाटकात आहे, ते 'राजा लिअर'ही त्यांनी १९७४ मध्ये मराठीत आणले. वेंगुर्ले तालुक्यातील चिं. त्र्यं. खानोलकर यांच्या १९६६ मधील 'कोंडुरा' या कादंबरीचा नायक दैवी शक्ती लाभल्याच्या खात्रीने वागू लागतो, आणि त्या खात्रीचा बळी एक निरपराध स्त्री ठरते. कौल मिळाला, परंतु तो वाचणारी दृष्टी चुकली. येथे कोकणातील देव आणि ग्रीक हामार्तिया प्रथमच एका घरात राहावयास आली, असे म्हणावयास हरकत नाही. खुद्द सॉफोक्लीजचे नाटक पु. ल. देशपांडे यांनी 'राजा ओयदिपौस' या नावाने १९७९ मध्ये मराठीत आणले.

सारांश, ईडिपसविषयी लिहिताना 'नियती' हा शब्द जपून वापरावा, आणि हामार्तियेसाठी 'स्वभावदोष' सोडून 'चूक' हा आपला साधा शब्द घ्यावा. हा केवळ परिभाषेचा प्रश्न नाही. नियतीवर सारे सोपविले की नायक निर्दोष होतो आणि प्रेक्षक निर्धास्त. स्वभावदोष दाखविला की नायक दोषी होतो आणि प्रेक्षक तेवढाच निर्धास्त. चूक म्हटली की दोन्ही सोयी नाहीशा होतात : आपण डोळे उघडे ठेवून, चांगल्या हेतूने, सर्व विचार करून नेम धरला तरी तो चुकू शकतो, आणि तरीही त्या बाणाचे धनी आपणच असतो. अ‍ॅरिस्टॉटलला अभिप्रेत असलेले भय ते हेच.