डूमचे घरगुती नकाशे

आयडी सॉफ्टवेअरने डिसेंबर १९९३मध्ये आणलेल्या ‘डूम’ या नेमबाजीच्या खेळात नकाशे, चित्रे आणि आवाज ‘वॅड’ नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवले होते. मूळ प्रोग्रॅमला हात न लावता नवा टप्पा जोडता येई. १९९४मध्येच खेळाडूंनी नकाशे बनवण्याची साधने तयार केली आणि हौशी टप्प्यांचा पूर आला. त्यातले बरेचसे सुमारच होते.

अनेकांनी स्वतःचे घर, शाळा नाहीतर कचेरी उभी केली. इथेच खरी अडचण होती. डूमचा नकाशा वरून पाहिलेला सपाट आराखडा असतो. प्रत्येक भागाला जमिनीची आणि छताची एकेकच उंची देता येते, त्यामुळे खोलीवर खोली चढत नाही. मग दुमजली घराचा वरचा मजला शेजारी मांडून खेळाडूला तिथे टेलिपोर्टरने क्षणात पोहोचवावे लागे. एका नजरेत फार जमिनी-छते आली, तर खेळच बंद पडे.

१९९६च्या ‘फायनल डूम’मध्ये हौशी मंडळींचे काम अधिकृतपणे विकले गेले. १९९७च्या अखेरीस मूळ सोर्स कोड खुला झाला आणि नव्या आवृत्त्यांनी जुन्या मर्यादा उठवल्या. याचा तोटाही आहे. मूळ खेळात उडी मारता येत नव्हती. नव्या आवृत्तीत ती सोय चालू ठेवून जुना टप्पा खेळल्यास गुडघाभर कठडा सहज ओलांडता येतो आणि किल्लीचा शोध निरर्थक ठरतो. म्हणून जाणकार असे टप्पे उडी बंद ठेवूनच खेळतात.