माजघरातील खांब : ठेवावेत की काढावेत?

गेल्या दिवाळीत आमच्या घरी एक वाद निघाला. थोरल्या मुलाचे लग्न ठरले होते व घराची डागडुजी करावयाची होती. मुलगा म्हणाला, "आई, माजघरातले हे सहा खांब अगदी जुनाट दिसतात. ते काढून टाकू, म्हणजे प्रशस्त हॉल होईल." सासूबाई जपमाळ ओढीत बसल्या होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "खांब काढा, आणि मग घर कशावर उभे राहते तेही मला दाखवा." मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. दोघांचेही म्हणणे मला थोडे थोडे पटत होते. त्या खांबांना वळसे घालून झाडणारी, ताट घेऊन जाताना त्यांना खांदा आपटून घेणारी मीच. आणि गौरीच्या सणाला त्याच खांबांना केळी बांधणारीही मीच!

निर्णय करण्यापूर्वी खांब म्हणजे काय, ते कुठून आले, हे तरी समजून घ्यावे असे मनात आले. वाचनालयातून पुस्तके आणली, मेणवलीचा वाडा पुन्हा एकदा डोळे उघडून पाहिला, सुतारमामांना विचारले. त्यातून जे समजले ते आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत लिहावे, म्हणजे असाच प्रश्न पडलेल्या भगिनींना त्याचा उपयोग होईल, म्हणून हा लेख.

आपल्याकडे जुने घर चौरस फुटांत मोजीत नसत, खणांत मोजीत. 'पाच खणी घर', 'दहा खणी वाडा' असे अजूनही वडील माणसे म्हणतात. हा चोळीचा खण नव्हे, दोन तुळयांमधील जागेला खण म्हणतात. म्हणजे घराचे मापच मुळी खांब आणि तुळया यांच्यावरून ठरे. खाली दगडाचा तळखडा, त्यावर लाकडी खांब, खांबांच्या माथ्यावर तुळई, तुळयांवर कड्या व कड्यांवर पाट, असा तो सांगाडा. भिंती पांढऱ्या मातीच्या, कच्च्या विटांच्या नाहीतर दगडमातीच्या. त्या थंडीवाऱ्यापासून राखण करीत, पण माडीचे व छपराचे बरेचसे ओझे हा लाकडी सांगाडाच पेली. कोणत्याही शुभकार्याच्या आरंभाला आपण 'मुहूर्तमेढ रोवली' असे म्हणतो. मेढ म्हणजे खांबच. लग्नाच्या मांडवाचीही आधी मेढ रोवतात, मग बाकीचा मांडव.

पेशवाईत या लाकूडकामाला मोठा बहर आला. पुण्याच्या शनिवारवाड्याचा पाया थोरल्या बाजीरावांनी 10 जानेवारी 1730 रोजी घातला आणि 22 जानेवारी 1732 रोजी वास्तुशांत झाली. खर्च 16,110 रुपये आल्याचे सांगतात. सागवान जुन्नरच्या रानातले, दगड चिंचवडचा आणि चुना जेजुरीचा. पुढच्या पेशव्यांनी त्यात माड्या, दिवाणखाने, कारंजी यांची भर घातली. परंतु 27 फेब्रुवारी 1828 रोजी वाड्याला आग लागली, ती कित्येक दिवस धुमसत होती. लाकूडकाम सारे गेले. आज आपण तिथे जातो तेव्हा तट, दरवाजे व आतली दगडी जोती एवढेच पाहतो. इतक्या मोठ्या वाड्याची दालने ज्या खांबांवर उभी होती, ते खांब जळाल्यावर दालनेही उरली नाहीत.

दुसऱ्या बाजीरावांचा विश्रामबागवाडा मात्र पाहावयास मिळतो. तो एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधला. त्यालाही 1879 साली आग लागून मोठे नुकसान झाले व लोकांच्या वर्गणीने त्याची दुरुस्ती झाली. त्याच्या दर्शनी सज्जाचे कोरीव खांब रस्त्यावरूनही दिसतात. हे सुरूचे खांब. सुरूचे झाड जसे खाली भरदार व वर निमुळते होत जाते, तसा या खांबाचा घाट. बुडाशी नक्षीची बैठक, मध्ये उभ्या पन्हळी आणि माथ्यावर पाने-फुले. दोन खांबांच्या मध्ये महिरप, आणि महिरपीला खाली लोंबणारे केळफूल.

महिरपीविषयी सुतारमामांनी मला एक गोष्ट सांगितली, ती मला ठाऊक नव्हती. दगडी कमान वरचे ओझे पेलते, पण लाकडी महिरप बहुधा काहीच पेलत नाही. ती फळ्या कोरून दोन खांबांत, तुळईच्या खाली नुसती बसविलेली असते. ओझे वाहतात ते खांब आणि तुळई. म्हणजे त्या काळच्या कारागिरांनाही शोभेचे काम हवे होते, परंतु शोभा कुठली आणि आधार कुठला हे त्यांना पक्के माहीत असे. पुढच्या पिढ्यांना ते माहीत राहिले नाही, हीच खरी अडचण.

आपल्याला पुण्यापर्यंत जाण्याचेही कारण नाही. वाईपासून हाकेच्या अंतरावर मेणवलीला कृष्णाकाठी नाना फडणविसांचा वाडा आहे. घाटावर चिमाजीअप्पांच्या वसईच्या विजयानंतर, म्हणजे 1739 नंतर, आलेली मोठी घंटा आहे. ती पाहून बहुतेक मंडळी परततात. आता जाल तेव्हा वाड्यातले खांब व त्यांच्या खालचे दगड मुद्दाम पाहा. लाकूड जमिनीला टेकलेले नाही, दगडावर उभे आहे. जमिनीची ओल थेट लाकडात चढू नये म्हणून ही योजना. आमच्या घराच्या गोष्टीत हा दगड पुढे महत्त्वाचा ठरला, म्हणून त्याची आठवण आधीच करून देते.

इंग्रजी अमदानीत लोखंड आले. मुंबईला काळ्या घोड्याजवळ वॉटसन हॉटेलची इमारत 1860 नंतरच्या दशकात उभी राहिली. तिचा लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये तयार करून आणला होता. त्यानंतर सिमेंट व लोखंडी सळ्या यांचे बांधकाम आले, आणि खांब भिंतीत जाऊन लपला. त्याला आपण कॉलम म्हणू लागलो. तो दिसत नाही म्हणून खोली मोकळी वाटते, एवढेच. खांब कुठल्याच घरातून गेलेला नाही.

गेल्या साठ-सत्तर वर्षांत आपल्या भागाने तीन मोठी संकटे पाहिली. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्यात नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे पडले. मातीच्या भिंती पाण्यात विरघळल्या. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. सासूबाई तेव्हा लहान होत्या. आईने खेचून अंगणात नेले आणि कडाक्याच्या थंडीत उजाडेपर्यंत सारी आळी बाहेर बसली होती, असे त्या सांगतात. तिसरे संकट किल्लारीचे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, लातूर व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत हजारो माणसे घरांखाली गाडली गेली. तिथल्या भिंती हातभर जाडीच्या, दगडांच्या, पण मातीत रचलेल्या. आतला व बाहेरचा थर एकमेकांत गुंतविलेला नव्हता. वर मातीचे जड धाबे. भिंती फुटल्या व धाबी कोसळली. काही घरांतून मात्र भिंती पडूनही आतले लाकडी खांब आणि तुळया उभ्या राहिलेल्या लोकांनी पाहिल्या. पुढे घरे सुधारण्याच्या ज्या सूचना तज्ज्ञांनी दिल्या, त्यांत धाब्यावरील माती कमी करा, भिंतीत आरपार दगड घाला, आणि खांब व तुळई मिळतात तिथे तिरके आधार ठोका, असे सांगितले होते. खांब काढा असे नव्हे, त्याला बळकटी द्या असे सांगितले होते.

पण म्हणून जुने ते सारे सोने असेही मी म्हणणार नाही. दर पावसाळ्यात कुठे ना कुठे जुना वाडा पडल्याची बातमी आपण वाचतो. वरून सागवान दिसते आणि आतून वाळवीने पोखरलेले असते. आठवणीपायी असा खांब तसाच ठेवणे म्हणजे लेकराबाळांच्या जिवाशी खेळ आहे.

आता आमच्या घराकडे येते. आम्ही एका जाणत्या इंजिनियरांना बोलाविले. त्यांच्याबरोबर सुतारमामा होते. सुतारमामांनी सहाही खांबांवर हातोडीने हळूच ठोकून पाहिले. चार खांबांचा आवाज भरीव आला, दोहोंचा निराळाच. त्या दोहोंचे प्लास्टर थोडे खरवडले, तर आत विटा! मग सासूबाईंना आठवले. मामंजींनी 1988 साली नणंदेच्या लग्नाच्या वेळी ते दोन खांब हौसेने बांधून घेतले होते. वर प्लास्टरची नक्षी आणि सोनेरी रंग. माथा तुळईला नीट भिडलेलासुद्धा नव्हता. तेहतीस-चौतीस वर्षे ज्यांना आम्ही घराचा आधार समजत होतो, त्यांच्यावर कशाचेच ओझे नव्हते.

उरलेल्या चारांपैकी तीन उत्तम निघाले. चौथ्याच्या बुडाशी सुतारमामांनी पटाशी लावली, तर ती लोण्यात जावी तशी आत गेली. कारण शोधले. मागे आम्ही शहाबादी फरशी काढून टाइल्स घातल्या, तेव्हा जमीन चार बोटे वर आली आणि तळखडे सिमेंटखाली गाडले गेले. लाकूड ओलीत उभे राहिले. त्यात वरून तैलरंगाचे थर, त्यामुळे ओल बाहेर पडण्यास वाट नाही. टाइल्सचा हट्ट माझा होता, हे इथे कबूल केले पाहिजे. झाडावयास व पुसावयास सोपे जाईल एवढाच विचार मी केला होता. त्या खांबावर माडीची तुळई होती आणि माडीवर मुलांची झोपण्याची खोली.

इंजिनियरांनी सांगितले, "हे चार खांब काढावयाचे तर खालून लोखंडी तुळई घालावी लागेल आणि तिला नवे पाये द्यावे लागतील. होणार नाही असे नाही, पण खर्च फार आणि जुन्या भिंतींना धक्का." मुलगा शिकलेला आहे. त्याने आकडे पाहिले व मान हलविली. सासूबाईंनाही एक गोष्ट मान्य करावी लागली. मामंजींचे सोनेरी खांब पाडावयाचे ठरले. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. मी त्यांच्याजवळ बसले, तेव्हा म्हणाल्या, "त्यांनी किती हौसेने केले होते गं!" मी काय बोलणार? हौस खरी होती, खांब खोटे होते.

वाळवी लागलेल्या खांबाचे काम चार दिवस चालले. तुळईला दोन्ही बाजूंनी टेकू दिले, खांबाचा कुजका भाग हातभर कापला, तिथे जुन्याच सागवानाचा तुकडा खाचा पाडून जोडला आणि खाली नवा दगड बसविला. सर्व खांबांभोवतालच्या टाइल्स काढून तळखडे मोकळे केले. तैलरंग खरवडून जवसाचे तेल दिले. रंगाच्या थरांखालून एका खांबावर कमळाची पाकळी निघाली. ती आम्हा कुणाला ठाऊकच नव्हती!

काम चालू असता सासूबाईंनी मला एक खांब दाखविला. त्यांच्या सासूबाई त्याच्या आड उभ्या राहून ओटीवरचे पुरुषांचे बोलणे ऐकत. लेकीच्या लग्नाची बोलणीही त्यांनी तिथूनच ऐकली, एक शब्द न बोलता. ऐकून मला क्षणभर वाटले, काढूनच टाकावा हा खांब! परंतु दोष खांबाचा नव्हता. पुढे आपल्या मंडळाचे भजन आणि शिवणवर्ग प्रारंभीची काही वर्षे याच माजघरात भरत. त्याच खांबाला टेकून सासूबाई हिशेबाची वही लिहीत व सर्वांना वाचून दाखवीत. खांब होता तिथेच राहिला, बाई मात्र त्याच्या पुढे आली.

आता माजघर पूर्वीपेक्षा मोकळे झाले आहे. मुलगा अजून म्हणतो, "चार खांब जास्तच आहेत." म्हणू दे. खोलीत सोफा हवा तसा बसत नाही हे त्याचे म्हणणे खरे आहे, आणि ताट नेताना माझा खांदा अजूनही अधूनमधून आपटतो. नवी सून आली आहे. ती पहिल्याच आठवड्यात खांबाच्या बुडाशी बसून दगडावर हात फिरवीत म्हणाली, "आई, हा दगड असा उघडाच ठेवायचा ना?" मी म्हटले, "हो बाई, तो झाकू नकोस."

भगिनींनो, तुमच्याही घरात असे खांब असतील. घण घालण्यापूर्वी त्याच्या माथ्यावर काय आहे ते पाहा, त्याचे बूड उकरून पाहा, आणि तो कुणी, कधी, कशासाठी उभा केला ते घरातील वडील माणसांना विचारा. ही माणसे आहेत तोवरच विचारा. जाणत्या माणसाचा सल्ला घ्या. त्याची फी घर पडण्यापेक्षा स्वस्त असते. मग जो निव्वळ दिखाव्याचा असेल तो खुशाल काढा, जो आजारी असेल त्याला बरा करा, आणि जो मुकाट्याने ओझे वाहतो आहे त्याला जुनाट म्हणू नका.

आपले मंडळही असेच काही जणींच्या खांद्यांवर उभे आहे. त्यांची नावे त्यांना आवडणार नाहीत म्हणून लिहीत नाही. वर्धापनदिनानिमित्त त्या सर्वांना माझा नमस्कार.