नसबंदी, पुरुषांची : सुरक्षितता आणि गुंतागुंत

दोन्ही शुक्रवाहिन्या बांधून व कापून करण्यात येणारी कायमस्वरूपी संततिनियमनाची शस्त्रक्रिया. 1974 मध्ये चीनच्या ली शुनच्यांग यांनी बसवलेल्या ‘बिनटाका’ पद्धतीत जागा बधिर करून, कातडीला छोटे छिद्र पाडून नस बाहेर ओढतात. काम साधारण पंधरा मिनिटांचे. पोट उघडावे लागत नाही. म्हणून स्त्रीच्या शस्त्रक्रियेपेक्षा ती सोपी व कमी जोखमीची.

‘आता पोती उचलवतील का?’ ही इंदूरच्या मल्हारगंजासारख्या बाजारवस्तीतल्या कष्टकऱ्याची शंका रास्त आहे. उचलवतील, पण लगेच नाही. पहिले दोन दिवस विश्रांती व घट्ट लंगोट हवा, सायकल आणि जड ओझे आठवडाभर नको. घाई केली तर आतली बारीक रक्तवाहिनी सुटून रक्त साकळते. अंडकोश सुजून काळानिळा पडतो. असे रक्त साकळणे किंवा जंतुसंसर्ग शंभरात एकदोघांना होतो. सूज वाढत गेली, ताप आला किंवा पू दिसला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. कापलेल्या टोकाशी वाटाण्याएवढी गाठ येऊ शकते. ती बहुधा आपोआप शमते. महिनोन्‌महिने टिकणारे, उपचार लागणारे दुखणे मात्र शंभरात एकदोघांच्या वाट्याला येते, आणि ते आधीच सांगितले पाहिजे.

पुरुषी संप्रेरक रक्तावाटे जाते, शुक्रवाहिनीतून नव्हे. त्यामुळे ताकद, इच्छा, ताठरता यांवर परिणाम होत नाही.

तरीही धास्ती आहे, आणि ती निव्वळ अज्ञानातून आलेली नाही. आणीबाणीत, 1976–77 या एका वर्षात, सुमारे 62 लाख पुरुषांची नसबंदी झाली, अनेकांची बळजबरीने. त्या काळातील नसबंदीशी निगडित 1,774 मृत्यूंची नोंद आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाने केली. महाराष्ट्र विधिमंडळाने तर सक्तीचे विधेयकही संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्री-नसबंदी 37.9 टक्के, तर पुरुषांची 0.3 टक्के आढळली. सोपी शस्त्रक्रिया मागे पडली आणि अवघड ती बायकांच्या अंगावर आली.

नस पुन्हा जोडता येते, पण मूल होण्याची खात्री नसते. शस्त्रक्रियेनंतरही वाहिनीत आधीचे शुक्रजंतू उरतात. म्हणून तीन महिने दुसरे साधन वापरून नंतर वीर्य तपासायचे असते. तपासणीत शुक्रजंतू नाहीत असे दिसल्यावरही दोन हजारांत एखाद्याच्या बाबतीत नस आपोआप जुळून गर्भ राहू शकतो. हे ठाऊक नसलेल्या घरात संशय बायकोवर जातो.