बोटापासून हवेच्या झोतापर्यंत: काचबिंदूची गोष्ट

इथे मांजरीत काय, पलीकडे हडपसरला काय, एक वाक्य आपण नेहमी ऐकतो: "काचबिंदूचं ऑपरेशन झालं, दाब उतरला, आता काळजी नाही." हा दाब मोजला कसा जातो, ते आज पाहू.

पूर्वी डॉक्टर बंद पापणीवर बोटं ठेवून डोळा किती टणक आहे ते अजमावत. १८५७ साली जर्मनीत फॉन ग्रेफे यांनी बाहुलीभोवतीच्या पडद्याचा तुकडा काढून तीव्र काचबिंदूवर इलाज दाखवला. आपल्याकडे मद्रासला एलियट यांनी १९०९ साली डोळ्याच्या भिंतीला बारीक गोल भोक पाडून आतल्या पाण्याला वाट करून दिली. १९६८ साली केर्न्स यांची ट्रॅबेक्युलेक्टमी आली. तीत ही वाट झडपेसारख्या पापुद्र्याखाली ठेवतात.

गोल्डमन यांचं यंत्र कॉर्निया किंचित सपाट करायला लागणारा जोर मोजतं. म्हणजे जाड कॉर्निया आकडा फुगवतो, पातळ कॉर्निया कमी दाखवतो!

२००५च्या सुमारास हवेच्या झोताने कॉर्निया दाबून तो धक्का किती पचवतो हे मोजणारं यंत्र आलं. दाब उतरल्यावर डोळ्याच्या भिंतीवरचा ताण सैलावतो, म्हणून ऑपरेशननंतर ही पचवण्याची क्षमता बहुधा वाढलेली दिसते. थोडक्यात, ऑपरेशनने नुसता आकडा बदलत नाही, ज्यावरून तो मोजतो तो डोळाही बदलतो.

काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. म्हणून आकडा चांगला आला तरी नस आणि नजरेचा परीघ तपासत राहायचं, हे आपण लक्षात ठेवू.