सभेनंतरची सभा

‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ हा आपल्याकडच्या कार्यक्रमपत्रिकेवरचा ठरलेला पहिला विषय, आणि बहुधा सर्वांत लवकर उरकला जाणारा. ठराव, सूचक, अनुमोदक एवढे त्यात येते. शंका कोणी काढली, दुसरा पर्याय का मागे पडला, हे गळून जाते. सहा महिन्यांनी वाद होतो तो नेमका या गळलेल्या भागावरून. संगणकाच्या साहाय्याने बैठकीतले बोलणे टिपणे आणि पुढे त्यातल्या हव्या त्या जागी परत जाता येणे, हा ज्या अभ्यासक्षेत्राचा विषय आहे त्यात वाचकांचे स्वागत.

टिपणे कधीच फारसे अवघड नव्हते; टेपरेकॉर्डर होताच. अवघड आहे ते ऐकणे. दोन तासांची बैठक पुन्हा ऐकायला दोन तास लागतात, आणि एवढी सवड कोणाला असते? 1990च्या दशकात कॅलिफोर्नियातील झेरॉक्स पार्क या प्रयोगशाळेत टॉम मोरान, स्कॉट मिन्नेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर फार शहाणा तोडगा काढला. बैठक चालू असताना इलेक्ट्रॉनिक फळ्यावर किंवा संगणकावर जे टिपण होईल, त्याच्याशी त्या क्षणाची वेळ जोडून ठेवायची. नंतर टिपण निवडले की त्या वेळचा आवाज सुरू होतो. तिथे नव्या शोधांच्या प्रस्तावांवर तज्ज्ञांची चर्चा होई आणि तिचा अहवाल एका माणसाला लिहावा लागे. त्याच्या कामाचा त्यांनी दीर्घकाळ अभ्यास केला आणि तो 1997मध्ये प्रसिद्ध केला. आवाज हाताशी आहे म्हटल्यावर त्याची टिपणे घेण्याची रीतच हळूहळू बदलत गेली. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याने सुरुवात या निबंधापासून करावी, असे माझे मत आहे.

पुढचा टप्पा यंत्राला ऐकायला शिकवण्याचा. त्यासाठी बर्कलेच्या आयसीएसआय संस्थेने 75 खऱ्या बैठका, सुमारे 72 तास, ध्वनिमुद्रित केल्या. युरोपातील ‘एएमआय’ प्रकल्पाने 100 तासांचा संग्रह केला. त्यातला मोठा भाग चौघांनी मिळून टीव्हीचा रिमोट कसा बनवावा, अशा योजून दिलेल्या बैठकांचा आहे. तुलनेला तो सोयीचा खरा, पण त्या रिमोटपायी कोणाचे काही अडलेले नसते, आणि ते जाणवते. बर्कलेच्या बैठकांत माणसे एकमेकांना तोडतात, एकाच वेळी बोलतात. कोण केव्हा बोलले हे ओळखताना यंत्राची दमछाक तिथेच होते. सहभागी व्यक्तींना आपले नको असलेले बोलणे काढून टाकण्याची मुभाही तिथे होती. ही बाब मी तांत्रिक तपशिलाइतकीच महत्त्वाची मानतो.

आज बैठक संपताच सारांश हातात देणारी साधने सहज मिळतात. सारांश म्हणजे पुन्हा इतिवृत्तच, फक्त लिहिणारा बदललेला. त्यातल्या प्रत्येक वाक्यावरून मूळ बोलण्याकडे जाता येते का, हे आधी तपासावे. आपल्या बैठकांत एकाच वाक्यात मराठी, हिंदी आणि इंग्रजी नांदतात, म्हणून ही तपासणी आपल्याला अधिकच हवी.

वाचकांना एक विनंती आहे. हे सारे नुसते वाचू नका. आपल्या मंडळाची किंवा संस्थेची एक बैठक सर्वांच्या संमतीने ध्वनिमुद्रित करा, टिपणांपुढे वेळ लिहा आणि महिन्याभराने त्यातला एखादा मुद्दा शोधून पाहा. एकाचीही हरकत असेल, तर मात्र यंत्र बंद ठेवा.